सरांच्या नावानं निधी उभा करताय? आधी ती ट्रंक उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे सर मागच्या हिवाळ्यात गेले. ऊसतोड मजुरांची उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून (टोळीच्या ठेकेदाराकडून) घेतलेली आगाऊ रक्कम, आणि गावातली सावकारी हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. दोन गावांतल्या २१२ घरांची पाहणी त्यांनी १९८४ मध्ये केली, तीच घरं १९९६ मध्ये पुन्हा गाठली. २००९ ची तिसरी फेरी तब्येतीमुळे अर्धवट राहिली. माजी विद्यार्थ्यांनी ९ लाख ४० हजार रुपये उभे करायचं ठरवलंय आणि त्यातले सहा लाखांच्या आसपास हातातही आलेत. कुणाचा आग्रह सुवर्णपदकाचा आहे, कुणाचा व्याख्यानमालेचा, कुणाचा गौरवग्रंथाचा. सरांच्या घरी लोखंडी ट्रंकेत ६३ वह्या आहेत आणि काकू म्हणतात, "तुम्हीच घेऊन जा बाबांनो." निधी कुठे ठेवावा, कसा चालवावा, त्यातून नेमकं काय करावं?

मी ३१ वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि त्यातली १४ वर्षं एका शिक्षण संस्थेच्या देणगी-निधींचे हिशेब सांभाळले. स्मृतिनिधी कसे उभे राहतात आणि कसे विझतात, हे जवळून पाहिलंय. म्हणून आधी सरळ उत्तर देते: निधीतला पहिला रुपया त्या ६३ वह्यांवर खर्च करा. पदक, व्याख्यान, ग्रंथ, सगळं त्याच्या नंतर.

एवढं ठामपणे सांगते, कारण उलट क्रमानं झालेलं मी पाहिलं आहे. माझे स्वतःचे गुरू गेले तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांनी महिन्याभरात पैसे जमवले. विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांच्या नावानं पदक ठेवलं. समारंभ चांगला झाला, सगळे रडले. त्यांच्या क्षेत्रपाहणीच्या वह्या तेव्हा कॉलेजच्या मागच्या खोलीत दोन गोण्यांमध्ये होत्या. "सावकाश बघू" म्हणत तीन वर्षं गेली. मग इमारतीला रंग द्यायचं काम निघालं, खोली रिकामी झाली आणि गोण्या रद्दीत गेल्या. कुणी मुद्दाम केलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं की त्यात काय आहे. पदक आजही दिलं जातं. काही वर्षांपूर्वी ते मिळालेल्या एका मुलीनं मला गाठून विचारलं, "मॅडम, हे सर कोण होते? त्यांचं काय वाचू?" तिच्या हातात ठेवायला माझ्याकडे चार छापील लेखांपलीकडे काही नव्हतं. ती खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

आता त्या वह्यांचं मोल नेमकं काय, ते सांगते. निधीला पैसे देणाऱ्या मंडळींनाही ते समजावून सांगावं लागेल.

मराठवाड्याच्या मागासलेपणावर आपण बोलतो तेव्हा बहुतेक आकडे जिल्ह्याचे असतात. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीनं १९८४ च्या अहवालात अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, मोजला तो रस्ते, सिंचन, शाळा, वीज अशा खात्यांवर आणि जिल्ह्यांवर. ते काम मोठंच होतं, त्याच्याच आधारावर पुढची अनेक वर्षं आपण निधी मागितला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली, आणि चर्चा अजूनही त्याच तक्त्यांभोवती फिरते. पण एका घरानं दसऱ्याआधी मुकादमाकडून किती उचल घेतली, त्यातली किती जुन्या बाकीत वळती झाली, किती लेकीच्या लग्नात गेली, आणि अख्खा हंगाम ऊस तोडूनही पाडव्याला परत येताना किती अंगावर राहिली, हे कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही. ते सापडतं फक्त घराघरात बसून लिहिलेल्या वहीत.

आणि तीच घरं बारा वर्षांनी पुन्हा गाठणं तर फारच दुर्मीळ. आपल्याकडे याची परंपरा आहे, ती विसरू नये. हॅरल्ड मान या पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. आज तिथे टोलेजंग इमारती आहेत, आणि तिथल्या जमिनीचे तुकडे शंभर वर्षांपूर्वी कसे होते ते त्या पाहणीमुळेच कळतं. आपल्या निजामी मुलखात एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये हैदराबाद संस्थानातल्या गावांची आर्थिक पाहणी केली आणि वीस वर्षांनी, १९४९-५१ मध्ये, पुन्हा मोठी ग्रामीण पाहणी केली. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेनं १९७५ मध्ये अभ्यासाला घेतलेल्या सहा गावांपैकी दोन, शिरापूर आणि कळमण, आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली. त्या गावांवर जगभरातल्या अभ्यासकांनी काम केलं, कारण नोंदी जपल्या गेल्या आणि इतरांना वापरायला मिळाल्या. तुमच्या सरांनी हेच काम एस.टी.नं फिरून, स्वतःच्या पगारातून केलं. त्यांच्या वह्या टिकल्या तर १९८४, १९९६ आणि आता, अशी चाळीस वर्षांची साखळी तुमच्या हातात आहे. अशी साखळी पैसे देऊनही मिळत नाही.

वह्यांचं काम कसं करायचं, हे जरा तपशिलात लिहिते. चुका इथेच होतात.

पाऊस लागायच्या आत कोरड्या दिवशी ट्रंक उघडा. वह्या सावलीत, वाऱ्यावर ठेवा, कडक उन्हात नको. आधी काहीही न हलवता ट्रंकेतल्या क्रमाचा फोटो घ्या. कुठली वही कुठल्या वहीशेजारी होती यातही माहिती असते. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आणि कुणी प्रेमानं म्हणालं की "छान बाइंडिंग करून घेऊ", तर हात जोडून थांबवा. बाइंडर तीनही बाजूंनी कडा कापतो, आणि क्षेत्रपाहणी करणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोलाचं लिखाण कडेच्या समासातच असतं.

एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या वहीतलं एक पान मी कधी विसरणार नाही. घर क्रमांक ४१. "ज्वारी उसनी, १ पोतं, सवाई" असं निळ्या शाईत लिहिलेलं. म्हणजे एक पोतं घेतलं की सुगीला सव्वा पोतं परत. त्यावर काट मारून खाली "२ पोती, दिढी". आणि समासात बारीक अक्षरात: "मालक बोलताना बाई आत गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, खरं सांगा की. मग आकडा बदलला." सवाईची दिढी झाली, म्हणजे पोत्याला सव्वाऐवजी दीड पोतं परत, व्याजाचा दर दुप्पट झाला. नुसता शेवटचा आकडा संगणकात चढवला असता तर कर्ज कळलं असतं, पण कर्ज लपवावंसं वाटतं हे कळलं नसतं. म्हणून वहीचं आधी जसंच्या तसं पान टिपायचं, मग टंकन करायचं. आणि टंकन करताना काट मारलेल्या आकड्याला वेगळा रकाना ठेवायचा.

टिपायला महागडं यंत्र लागत नाही. पानं आपोआप ओढणारा स्कॅनर मात्र वापरू नका, जुना कागद त्यात फाटतो. सपाट स्कॅनर किंवा स्टँडवर बसवलेला चांगला कॅमेरा पुरेसा आहे. प्रत्येक चित्राला वही आणि पान यांचा क्रमांक द्या. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा. सरांनी काही मजकूर संगणकावर टाइप केला असेल तर तो बहुधा जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल. तो आत्ताच युनिकोडमध्ये आणून घ्या, नाहीतर काही वर्षांनी ती फाइल उघडली तरी वाचता येणार नाही.

यानंतरचं काम पैशानं होत नाही, माणसांनी होतं. सरांच्या वह्यांत "को.", "उ.", "मु.", "बा." अशी लघुरूपं असणार. को. म्हणजे कोयता, आणि कोयता म्हणजे एक नवरा-बायकोची जोडी, एक माणूस नव्हे. हे माहीत नसलेल्या पुण्या-मुंबईच्या अभ्यासकानं आकडे घेतले तर मजुरीचा हिशेब थेट दुप्पट चुकेल. डोकी सेंटरची टोळी (डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणारी) आणि टायरगाडीची टोळी (बैलगाडीनं ऊस नेणारी) यांची उचल वेगळी, दर वेगळा. धान्यातली मजुरी पायलीत, म्हणजे धान्य मोजायच्या मापात, लिहिलेली असेल, आणि पायली गावागणिक बदलते. त्या दोन गावांची पायली किती किलोची, हे सरांनी कुठेतरी नोंदवलं असेलच, बहुधा वहीच्या मागच्या पानावर. नसेल तर गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या आडत्याला किंवा किराणा दुकानदाराला विचारा. १९८४ मध्ये सरांबरोबर फिरलेले विद्यार्थी आता साठीच्या आसपास असतील, १९९६ चे पन्नाशीच्या. त्यांना वही समोर ठेवून बसवा आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. हे याच वर्षी करायचं काम आहे. स्कॅनिंग एकवेळ सहा महिने पुढे गेलं तरी चालेल, हे नाही.

आता एक नाजूक बाब, आणि इथे मी कुणाचीच मुरवत ठेवणार नाही. त्या वह्यांत लोकांची नावं आहेत, जात आहे, कर्ज आहे, कुणी कुणाला किती टक्क्यांनी दिलं हे आहे. त्या घरांनी सरांवर विश्वास ठेवून हे सांगितलं. त्यांची नातवंडं आज त्याच गावात राहतात. सावकाराचीही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, त्यामुळे जुन्या नोंदीतलं नावसुद्धा आज कुणाला अडचणीत आणू शकतं, गावात वैर पेटवू शकतं. म्हणून अभ्यासकांना जी प्रत द्याल तिच्यात फक्त घर क्रमांक ठेवा. घर क्रमांक आणि नावं जोडणारी यादी वेगळी ठेवा, दोनच माणसांच्या ताब्यात. स्कॅन केलेली मूळ पानं कुणाच्याही मोबाइलवर फिरवू नका, "सरांचं सुंदर अक्षर" म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवरही नको. नावं झाकलेलं पान खुशाल टाका.

काकूंकडून एक साधं पत्र घ्या. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं लेखनाचा हक्क वारसांकडे असतो. वह्या, अप्रकाशित टिपणं आणि लेख अभ्यासासाठी वापरायला, जपायला, नावं झाकून इतरांना द्यायला कुटुंबाची संमती आहे, असं त्यात असावं. मुलं असतील तर त्यांच्याही सह्या घ्या. दुःखाच्या दिवसांत कागद पुढे करणं अवघड जातं, मला माहीत आहे. पण दहा वर्षांनी त्यांच्या मुलांपैकी कुणाला वेगळं वाटलं तर हाच कागद सगळ्यांमधलं नातं राखतो. आणि वह्या नेताना यादी करून पोहोच द्या. "घेऊन जा" म्हणणाऱ्या बाईच्या हातात कागद ठेवणं हा मान आहे.

एवढ्या कामाला खर्च किती येईल, याचा माझा अंदाज सांगते. ६३ वह्या, प्रत्येकी सरासरी १८० पानं धरली तर ११,३४० पानं. पानाला ४ रुपये धरले तर सुमारे ४५ हजार. २१२ घरांच्या दोन फेऱ्या म्हणजे ४२४ तक्ते. एका तक्त्याला पाऊण तास धरला तर ३१८ तास, तासाला १५० रुपये दिले तर सुमारे ४८ हजार. हे टंकन कॉलेजच्या एम.ए.च्या मुलांकडूनच करून घ्या आणि पैसे देऊन करून घ्या. फुकट काम मागू नका, आपल्या भागातल्या पोरांना तेवढ्या पैशात एका सत्राचा खर्च निघतो. लोखंडी कपाट, खोकी, दोन हार्ड डिस्क यांना २५ हजार. तपासणी, प्रवास, मुलाखती यांना २० हजार. बेरीज १ लाख ३८ हजार. म्हणजे ९ लाख ४० हजारांतून १ लाख ४० हजार पहिल्याच वर्षी या कामाला काढा आणि उरलेले ८ लाख कायम निधी म्हणून ठेवा.

कुठे ठेवायचे? एवढ्या रकमेसाठी स्वतंत्र न्यास काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. नोंदणीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. हे सगळं उत्साहाच्या पहिल्या तीन वर्षांत होतं, चौथ्या वर्षी कुणाची बदली होते, कुणाच्या मुलीचं लग्न असतं, आणि मग न्यास कागदावर उरतो. त्यापेक्षा आधीच नोंदणीकृत असलेली, लेखापरीक्षण वेळेवर करणारी, ८०जीची (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी) मान्यता असलेली एखादी संशोधन किंवा शिक्षण संस्था शोधा आणि तिच्यात राखीव निधी म्हणून ठेवा. पण करार लेखी हवा. आमच्याकडच्या एका निधीचं व्याज ११ वर्षं संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळत राहिलं. चोरी नव्हती, कारकुनानं रकानाच वेगळा केला नव्हता. पण संशोधनासाठी एक पैसाही निघाला नाही. म्हणून करारात चार गोष्टी लिहून घ्या: वेगळी मुदत ठेव, ताळेबंदात निधीची वेगळी ओळ, दरवर्षी जूनच्या आत समितीला लेखी हिशेब, आणि सलग दोन वर्षं खर्च झाला नाही तर रक्कम दुसऱ्या समान उद्देशाच्या संस्थेकडे वळवण्याची तरतूद. चौथी अट ऐकून जी संस्था नाराज होईल तिच्याकडे पैसे देऊ नका.

आत्ता जे सहा लाख आलेत ते कुणाच्या खात्यावर आहेत? बहुतेक ठिकाणी एखाद्या धडपड्या मित्राच्या वैयक्तिक खात्यावर फोन-पेनं जमलेले असतात. तो माणूस प्रामाणिक असतो आणि म्हणूनच अडकतो, कारण आयकराच्या नजरेत ते त्याचे पैसे दिसतात. लगेच संस्थेकडे वळवा आणि प्रत्येक देणगीदाराच्या नावानं वेगळी पावती घ्या. देणगीदारांकडून एक ओळ लिहून घ्या की ही रक्कम कायम निधीसाठी आहे. ही ओळ नसेल तर ती चालू वर्षाची देणगी धरली जाते आणि त्याच वर्षी खर्च दाखवायचा प्रश्न येतो. ८०जीची सवलत हवी असेल तर २००० रुपयांवरची देणगी रोखीनं घेऊ नका. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा पावतीवरचा मजकूर संस्थेच्या सी.ए.कडून पाहून घ्या.

अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या मित्राचे पैसे घेण्याआधी एकच विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते, आणि ती घ्यायला संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खालची नोंदणी लागते. नोंदणी नसताना प्रेमानं घेतलेले पन्नास हजार संस्थेला फार महागात पडतात.

ठेव राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा. जास्त व्याजाच्या मोहानं मल्टीस्टेट सहकारी सोसायटीत किंवा पतसंस्थेत नको. आपल्या भागात अशा ठेवी बुडून म्हाताऱ्या माणसांनी रस्त्यावर बसलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

८ लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला ५६ हजार. सगळे खर्च करू नका. १६ हजार दरवर्षी मुद्दलात परत घाला. हे केलं नाही की काय होतं ते पदकांकडे पाहून कळतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ५० हजारांची ठेव ११-१२ टक्क्यांनी सहा हजारांच्या आसपास देत होती, तेवढ्यात पदक, प्रमाणपत्र, समारंभ सगळं भागायचं. ७ टक्क्यांनी तीच ठेव साडेतीन हजार देते आणि सोनं कुठे जाऊन पोचलंय ते सराफाला विचारा. मग सुवर्णपदक म्हणून सोन्याचा मुलामा येतो. म्हणून पदकाला माझा विरोध आहे. शिवाय पदक मिळतं ते परीक्षेतल्या गुणांना, आणि तुमच्या सरांनी आयुष्यभर जे केलं त्याचा प्रश्नपत्रिकेशी फारसा संबंध नव्हता.

व्याख्यान जरूर ठेवा, पण दर तीन वर्षांनी, आणि लेखी मजकूर आधी मिळाला तरच. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या काळे स्मृती व्याख्यानाचं उदाहरण घ्या. २९ जानेवारी १९३९ ला त्या मालेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या प्रश्नावर भाषण केलं. ते छापलं गेलं म्हणून आज ८५ हून अधिक वर्षांनंतरही आपण वाचतो. त्या दिवशी सभागृहात कोण बसलं होतं, हारतुरे किती झाले, हे कुणाला आठवत नाही. गौरवग्रंथ मात्र आत्ता नको. आठवणींचे लेख व्हायला हवेत, पण त्यासाठी तीस पानांची पुस्तिका पुरे. त्याऐवजी सरांचे विखुरलेले लेख एकत्र करा. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध जुना असेल तर शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) नसण्याची शक्यता जास्त, कारण प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याची सक्ती यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी आली. ग्रंथालयातली टंकलिखित प्रत शोधा आणि विद्यापीठाकडून तिथे चढवून घ्या.

व्याजातले १६ हजार मुद्दलात घातल्यावर वर्षाला ४० हजार उरतात. त्यातले ३० हजार दरवर्षी एका विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यासाठी द्या. अट एकच असावी: सरांच्या दोन गावांपैकी एका गावात, सरांच्याच घर-यादीतून किमान ५० घरं गाठायची. विषय त्यानं निवडावा. उचल घ्या, बचतगट घ्या, खासगी फायनान्सचे हप्ते घ्या, ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं शाळेत टिकतात का ते घ्या. मोठ्या विद्यापीठातल्या मुलापेक्षा तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला आधी द्या. तिच्या घरातच कुणी कोयत्यावर गेलेलं असेल, तिला विचारायचं कसं हे शिकवावं लागणार नाही. बाकीचे १० हजार वह्यांची देखभाल, छपाई आणि नवी हार्ड डिस्क यांना लागतीलच.

पाहणीला कधी जायचं, यावर वाद होऊ देऊ नका. सरांनी ज्या महिन्यात पाहणी केली त्याच महिन्यात जायचं. वहीवर तारखा असतील. माझा अंदाज श्रावण-भाद्रपदाचा आहे, कारण दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं आणि लहान लेकरंच राहतात. जानेवारीत गेलात तर निम्म्या घरांना कुलूप दिसेल आणि कुणीतरी निष्कर्ष काढेल की गाव ओस पडलं. श्रावणात मात्र माणसं घरी असतात आणि हातात पैसा नसतो, म्हणजे उचलीची बोलणी नेमकी तेव्हाच चाललेली असतात. मुकादम शेजारी बसलेला असताना उचलीचा आकडा विचारू नका. बाईला वेगळं विचारा.

घरं सापडायला त्रास होईल. १९८४ चं एक घर वाटण्या होऊन तीन झालं असेल, त्यातला एक भाऊ चाकणला कंपनीत, एक अजून कोयत्यावर, एक गावातच, किराणा दुकानात उधारीचं वर्षाचं खातं ठेवून. तिघांनाही गाठायचं. गावात उरलेल्यालाच मोजलं तर सगळ्यात मोठा बदल निसटतो. निवडलेल्या विद्यार्थ्याला चाकणपर्यंतचं एस.टी.चं भाडं निधीतून द्या, हे करारातच लिहा.

समिती पाच जणांची पुरे. एक घरचं माणूस, दोन माजी विद्यार्थी, एक अर्थशास्त्राचा कार्यरत शिक्षक, आणि त्या दोन गावांपैकी एकातलं कुणीतरी. शेवटची जागा रिकामी ठेवू नका. सरांना चहा पाजणाऱ्या घरातला एखादा शिकलेला नातू नक्की सापडेल. दरवर्षी विद्यार्थ्याचं काम पुरं झालं की त्यातलं चार पानांचं साध्या मराठीतलं टिपण गावात, लोकांसमोर वाचून दाखवायचं. नावं न घेता. लोक चुका दाखवतील, "आमची पायली एवढी नव्हती" म्हणतील, ते लिहून घ्यायचं आणि मूळ नोंदीशेजारी तारीख टाकून ठेवायचं.

हे सगळं ठरायला वेळ लागेल. पण काकूंना उद्याच फोन करा आणि ट्रंक जमिनीवर असेल तर दोन विटांवर उचलून ठेवायला सांगा. भिंतीपासून चार बोटं लांब. वाळवी भिंतीकडून येते.